चिलापीच्या खवल्यांपासून रक्तदाबाच्या पेप्टाइडपर्यंत: संगणकावरची पहिली चाळणी कशी लावायची

मत्स्यविज्ञान, बायोटेक किंवा अन्नतंत्रज्ञानाच्या एमएस्सीला आहात आणि गाइडनी 'माशांच्या प्रथिनांमधली बायोॲक्टिव्ह पेप्टाइडं, इन सिलिको' (म्हणजे संगणकावर) एवढंच सांगून विषय हाती दिलाय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही, साधनं बहुतेक फुकट आहेत आणि साधा लॅपटॉप पुरतो. अडचण वेगळीच आहे. कुठल्याही साइटवर कुठलंही प्रथिन टाका, काहीतरी उत्तर येतंच. शंभर-दोनशे पेप्टाइडांची यादी, प्रत्येकापुढे छानसा आकडा. त्यातली किती पेप्टाइडं त्या माशाच्या प्रथिनातून खरोखर सुटू शकतात, हे मात्र साइट सांगत नाही. ते तुम्हालाच माहीत असावं लागतं. म्हणून या लेखात कुठलं बटण दाबायचं यापेक्षा प्रत्येक पायरीवर संगणकाला माशाबद्दल काय ठाऊक नसतं, त्यावर जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून चिलापी घेतो, म्हणजे तिलापिया. उजनीच्या जलाशयातून भिगवणच्या बाजारात येणारा हा मासा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याचे खवले आणि कातडी बहुतेक वेळा फेकून दिली जाते आणि त्या दोन्हींत भरपूर कोलॅजेन असतं. रत्नागिरीकडच्या मुलांनी हीच पद्धत सुरिमीच्या (धुतलेल्या माशाच्या लगद्याच्या) कारखान्यात उरणाऱ्या राणी माशाच्या कातडीला लावून पाहावी. पायऱ्या त्याच आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती पचताना किंवा एन्झाइमनं तोडताना छोटे तुकडे सुटतात. दोन ते वीसेक अमिनो आम्लांच्या यातल्या काही तुकड्यांना स्वतःचा असा परिणाम असतो, जो मूळ प्रथिनाला नसतो. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो एसीई या एन्झाइमला रोखणाऱ्या तुकड्यांचा. एसीई अँजिओटेन्सिन-१ चं अँजिओटेन्सिन-२ करतं, त्यानं रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात एसीई रोखणारी पेप्टाइडं सापडली, त्यांच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे औषध घडलं आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एसीई रोखणारं औषध पेप्टाइडावरून सुचू शकतं, एवढं त्यातून पक्कं झालं.

माशांच्या बाबतीत सगळ्यात भक्कम उदाहरण जपानचं आहे. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन वाळवलेला बोनिटो. त्याची प्रथिनं थर्मोलायसिन या एन्झाइमनं तोडल्यावर ल्युसिन-लायसिन-प्रोलिन-अस्पॅराजिन-मेथिओनिन हे पेप्टाइड मिळालं. त्याचं आयसी-५०, म्हणजे एसीईचं निम्मं काम थांबवायला लागणारी मात्रा, २.४ मायक्रोमोलर. गंमत अशी की एसीई स्वतःच हे पेप्टाइड तोडतं आणि त्यातून सुटणारं ल्युसिन-लायसिन-प्रोलिन त्याहून जोरदार निघतं: ०.३२ मायक्रोमोलर. यावर आधारलेल्या उत्पादनाला जपानच्या 'फोशू' या आरोग्यविषयक अन्नाच्या वर्गात मान्यता मिळाली. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढे तुमची तुलना त्यांच्याशीच होणार आहे. कॅप्टोप्रिल नॅनोमोलर मात्रेत काम करतं, म्हणजे यापेक्षाही कितीतरी कमी. अन्नातलं पेप्टाइड औषधाची जागा घेईल, या अपेक्षेनं काम सुरू करू नका.

काय काय लागेल

सिक्वेन्ससाठी, म्हणजे प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या क्रमासाठी, युनिप्रॉट हा डेटाबेस. पेप्टाइडांची नोंद आणि आभासी पचन यासाठी बायोपेप, हा पोलंडमधल्या ओल्श्टिनच्या वार्मिया-माझुरी विद्यापीठाचा डेटाबेस आहे. पचन पडताळून पाहायला एक्सपॅसीचं पेप्टाइडकटर. छाननीसाठी डब्लिनच्या विद्यापीठातलं पेप्टाइडरँकर आणि आपल्याकडे तयार झालेलं टॉक्सिनप्रेड. डॉकिंगला, म्हणजे पेप्टाइड एन्झाइमच्या खाचेत कसं बसतं ते संगणकावर बघायला, ऑटोडॉक व्हिना, चित्रं बघायला पायमॉल किंवा कायमेरा. आणि एक स्प्रेडशीट. ती पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यात हे रकाने हवेतच: प्रथिनाचा ॲक्सेशन क्रमांक (डेटाबेसमधला नोंदीचा क्रमांक), सिक्वेन्स कधी उतरवून घेतला ती तारीख, प्रथिनाचा कुठून कुठपर्यंतचा भाग घेतला, कोणतं एन्झाइम, कोणत्या सेटिंगवर, सुटलेलं पेप्टाइड, प्रथिनातली त्याची जागा आणि ते आधीपासून माहीत असलेलं आहे की नवं. या साइट्स अधूनमधून बदलतात, डेटाबेस वाढत राहतो. सहा महिन्यांनी तेच प्रथिन टाकलं तर आकडा वेगळा येऊ शकतो आणि व्हायवाला नेमका तोच प्रश्न विचारला जातो.

१. प्रश्न अरुंद करा

'चिलापीतली आरोग्यदायी पेप्टाइडं' हा प्रश्न झाला नाही. मासा, माशाचा भाग, प्रथिन, एन्झाइम आणि परिणाम या पाच गोष्टी एका वाक्यात बसल्या पाहिजेत. उदाहरणार्थ: नाइल तिलापियाच्या खवल्यांतल्या प्रकार-१ कोलॅजेनवर अल्कलेज हे एन्झाइम वापरल्यास एसीई रोखणारी कोणती पेप्टाइडं सुटू शकतात? एन्झाइम शक्यतो तेच घ्या, जे तुमच्या विभागाच्या फ्रीजमध्ये आहे. पपेन असेल तर पपेन. प्रोटिनेज-के वापरून कागदावर उत्तम निकाल येतात, पण ते महागडं संशोधनाचं एन्झाइम घेऊन कोणी खवल्यांवर प्रक्रिया करणार नाही.

परिणामांपैकी एसीई आणि डीपीपी-४ हे दोन नवख्यांना सोपे, कारण दोन्हींबद्दल भरपूर माहिती जमा आहे. डीपीपी-४ हेही एक एन्झाइम. ते रोखलं तर जेवणानंतर इन्सुलिनला चालना देणारी संप्रेरकं जास्त वेळ टिकतात. मधुमेहाची ग्लिप्टिन गटातली औषधं अशीच चालतात. 'कर्करोगविरोधी' किंवा 'विषाणूविरोधी' असे मोठे शब्द पहिल्या प्रकल्पात नकोत.

२. सिक्वेन्स मिळवा आणि तो साफ करा

निम्मं काम इथेच आहे, म्हणून इथे वेळ द्या.

आधी जात नक्की करा. बाजारात चिलापी म्हणून येणारा मासा मोझांबिक तिलापिया असू शकतो किंवा नाइल तिलापिया. भारतात १९५२ साली आणला तो मोझांबिक. युनिप्रॉटमध्ये मोझांबिकचा वर्गीकरण क्रमांक ८१२७ आणि नाइलचा ८१२८. नाइलचा जिनोम पाच आफ्रिकी सिक्लिड माशांच्या अभ्यासात २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे त्याची प्रथिनं पूर्ण लांबीची मिळतात. तुमच्या हातातला मासा मोझांबिक असेल आणि सिक्वेन्स नाइलचा वापरला असेल तर तसं स्पष्ट लिहा. जवळचा नातेवाईक वापरायला कोणाची हरकत नसते, लपवलं तर मात्र असते.

इतर माशांबाबत एक सावधगिरी. बांगड्याचं शास्त्रीय नाव टाकून शोधलंत तर ढिगानं नोंदी दिसतील आणि आनंद होईल. उघडून बघा: बहुतेक सायटोक्रोम ऑक्सिडेजचे तुकडे निघतात, जाती ओळखण्याच्या डीएनए बारकोडिंगसाठी जमा केलेले. त्यांचा स्नायूतल्या किंवा कातडीतल्या मुख्य प्रथिनांशी संबंध नाही. तारलीवर काम करणाऱ्यांना आता बरे दिवस आहेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं २०२३ मध्ये तारलीचा जिनोम प्रसिद्ध केला.

आता कोलॅजेन. माशांत प्रकार-१ कोलॅजेनच्या बहुधा तीन साखळ्या असतात, तीन वेगळ्या जनुकांच्या. एकच घेतली तर का घेतली ते सांगा. जमलं तर तिन्ही घ्या.

युनिप्रॉटमधून उतरवलेली कोलॅजेनची साखळी म्हणजे खवल्यातलं कोलॅजेन नव्हे, हे इथे नीट समजून घ्या. पेशीत ती जास्त लांब तयार होते. पुढचा संकेत-तुकडा, त्यामागचा प्रोपेप्टाइड आणि शेपटीकडचा मोठा प्रोपेप्टाइड कापला जातो आणि उरलेल्या भागाचे तंतू बनतात. माणसाच्या साखळीची तपासलेली नोंद पी०२४५२ या क्रमांकावर आहे. तिची पूर्ण लांबी १४६४ आणि पक्क्या साखळीचा भाग १६२ ते १२१८, म्हणजे १०५७ अमिनो आम्लं. चारशेहून जास्त अमिनो आम्लं खवल्यापर्यंत पोचतच नाहीत. चिलापीची नोंद 'अनरिव्ह्यूड', म्हणजे तज्ज्ञांनी न तपासलेली, असल्यानं हे कापायचे ठिकाण तिथे खुणेनं दाखवलेलं असेलच असं नाही. माणसाच्या साखळीशी अलाइनमेंट करा, म्हणजे दोन्ही साखळ्या एकाखाली एक जुळवून मांडा, आणि ते ठिकाण शोधा. पडताळणी सोपी आहे: मुख्य भागात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, सलग ३३८ वेळा. पुढच्या प्रोपेप्टाइडमध्येही असाच एक छोटा पट्टा असतो, त्याला मुख्य भाग समजू नका.

हे न केल्यास काय होतं ते सांगतो. पक्क्या प्रकार-१ कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं, सिस्टिनही नसतं. शेपटीच्या प्रोपेप्टाइडमध्ये दोन्ही असतात. आणि पाचव्या पायरीतली गुण देणारी साधनं ट्रिप्टोफॅन असलेल्या छोट्या पेप्टाइडांना भरभरून गुण देतात. म्हणजे जो भाग माशाच्या खवल्यात अस्तित्वातच नाही, त्यातलं पेप्टाइड तुमच्या यादीत पहिलं येतं. कोलॅजेनच्या अशा कुठल्याही यादीत ट्रिप्टोफॅनवालं पेप्टाइड दिसलं की तिथेच थांबा आणि ते साखळीच्या कुठल्या भागातून आलं ते बघा.

मायोसिन किंवा ॲक्टिन घेत असाल तर हा त्रास फारसा नाही. तिथे फक्त नोंद तुकड्याची आहे की पूर्ण, एवढं पाहा. ॲक्टिन पावणेचारशेच्या आसपास असतं, ट्रोपोमायोसिन २८४, मायोसिनची जड साखळी एकोणीसशेच्या पुढे.

३. प्रोफाइल काढा, पण त्यावर भाळू नका

साफ केलेला सिक्वेन्स बायोपेपमध्ये टाकला की त्यात आधीच माहीत असलेली कोणती पेप्टाइडं कुठे दडली आहेत ते दिसतं. 'ए' नावाचा आकडा म्हणजे अशा तुकड्यांची संख्या भागिले साखळीची लांबी. १००० अमिनो आम्लांच्या साखळीत एसीईचे ४०० तुकडे सापडले तर ए ०.४.

दोन गोष्टींमुळे हा आकडा फुगतो. एक, डेटाबेसमध्ये एसीईची पेप्टाइडं इतर परिणामांपेक्षा खूप जास्त आहेत. त्यामुळे जवळपास कुठलंही प्रथिन टाका, एसीई वरच्या क्रमांकावर येतो. दोन, त्यातली पुष्कळ दोन अमिनो आम्लांची आहेत. ग्लायसिन-प्रोलिनसारखी जोडी कोलॅजेनमध्ये पावलोपावली येणारच. म्हणून 'चिलापीत एसीईरोधक पेप्टाइडांचं प्रमाण सर्वाधिक आढळलं' हे वाक्य एकट्यानं काही सांगत नाही. तुलना करा: तोच सिक्वेन्स, तेच नियम, पण शेजारी दुधाचं केसिन किंवा कोंबडीचं कोलॅजेन ठेवा.

कोलॅजेनवाल्यांसाठी आणखी एक. सिक्वेन्समध्ये जिथे प्रोलिन दिसतं, तिथे माशाच्या अंगात अनेकदा हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे साखळी बनल्यावर बदललेलं प्रोलिन, असतं. ग्लायसिननंतर दुसऱ्या जागी आलेलं प्रोलिन बहुतांशी बदललेलं असतं, पहिल्या जागी आलेलं सहसा साधं राहतं. डेटाबेस दोन्हींना प्रोलिनच समजतो. स्प्रेडशीटमध्ये 'प्रोलिनची जागा' असा एक रकाना वाढवा, नंतर स्वतःलाच धन्यवाद द्याल.

४. आभासी पचन: इथे हातानं एक उदाहरण करून बघा

प्रोफाइलमध्ये दिसलेलं पेप्टाइड साखळीत दडलेलं आहे, एवढंच कळलं. ते सुटेल का, हा वेगळा प्रश्न. एन्झाइम म्हणजे ठरावीक सांध्यावरच चालणारी कोयती. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन यांच्या पुढे तोडतं, पण त्यांच्या पुढे प्रोलिन आलं तर सहसा तोडत नाही.

समजावण्यासाठी रचलेला एक तुकडा घेऊ. जी म्हणजे ग्लायसिन, पी प्रोलिन, ए ॲलानिन, आर आर्जिनिन, एल ल्युसिन, के लायसिन.

जी-पी-ए-जी-पी-आर-जी-पी-एल-जी-पी-के

यात जी-पी-एल आहे. हे खरोखर माहीत असलेलं पेप्टाइड आहे: कोरियात अलास्का पोलॉक माशाच्या कातडीच्या जिलेटिनमधून मिळालेलं, एसीईसाठी आयसी-५० सुमारे २.६ मायक्रोमोलर. आता ट्रिप्सिन चालवा. आरच्या पुढे तुटतं आणि दोन तुकडे पडतात: जी-पी-ए-जी-पी-आर आणि जी-पी-एल-जी-पी-के. जी-पी-एल दुसऱ्या तुकड्यात अडकलेलंच राहिलं. प्रोफाइलमध्ये ते मोजलं गेलं, पचनात मात्र मिळालं नाही.

आता सोबत कायमोट्रिप्सिन द्या. पेप्टाइडकटरमध्ये त्याचे दोन पर्याय आहेत. 'हाय स्पेसिफिसिटी' निवडला तर फेनिलॲलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन यांच्यापुढेच तोडतं, म्हणजे आपल्या तुकड्यात काहीच बदल नाही. 'लो स्पेसिफिसिटी' निवडला तर ल्युसिनच्या पुढेही तोडतं आणि जी-पी-एल सुटतं. एका खुणेच्या चौकटीवर अख्खा निष्कर्ष बदलला. म्हणून पद्धतीच्या प्रकरणात 'पेप्टाइडकटर वापरलं' एवढं लिहून भागत नाही, कोणता पर्याय निवडला ते लिहावंच लागतं.

बायोपेप हाच फरक आकड्यांत देतो. 'एई' म्हणजे प्रत्यक्ष सुटलेल्या सक्रिय तुकड्यांची संख्या भागिले लांबी, आणि 'डब्ल्यू' म्हणजे एई भागिले ए. दडलेल्यापैकी किती बाहेर आलं, ते डब्ल्यू सांगतं. एन्झाइमांची तुलना करायची तर माझ्या मते हाच आकडा पुढे ठेवावा.

आता संगणकाला माहीत नसलेल्या गोष्टी. तो प्रत्येक शक्य जागी शंभर टक्के तोड झाली असं धरून चालतो. प्रत्यक्षात जलविघटन अर्धवट असतं. अख्खं कोलॅजेन तर तीन साखळ्यांच्या घट्ट पिळात असतं आणि पेप्सिनला तो पीळ तोडता येत नाही. ते फक्त टोकाचे सैल भाग कापतं. प्रयोगशाळेत पेप्सिन वापरून कोलॅजेन अखंड काढतात ते याच गुणामुळे! आणि संगणकावर मात्र पेप्सिन त्याच कोलॅजेनचा भुगा करून दाखवतं. तुमच्या प्रक्रियेत खवले उकळून आधी जिलेटिन करणार असाल तर आभासी पचनाला अर्थ आहे. तसं असेल तर स्पष्ट लिहा. पीळ कोणत्या तापमानाला सुटतो तेही माशागणिक बदलतं: थंड समुद्रातल्या माशांचं कोलॅजेन कमी तापमानाला सुटतं, चिलापीसारख्या उष्ण पाण्यातल्या माशाचं जास्त तापमानाला.

कारखान्यातल्या एन्झाइमनंतर पोटातलं पचन चालवा: सुटलेली पेप्टाइडं पेप्सिन, ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिनमधून पुन्हा काढा. बायोपेपमध्ये पेप्सिनचे दोन पर्याय दिसतील, सामू १.३ आणि सामू २ च्या वर. पुढे प्रयोगशाळेत इन्फोजेस्ट ही पचनाची प्रमाणित पद्धत वापरणार असाल तर तिथे जठराची पायरी सामू ३ ला असते, म्हणून दुसरा पर्याय घ्या. या दुहेरी चाळणीतून टिकलेलं पेप्टाइड जास्त विश्वासाचं. प्रोलिन असलेली छोटी पेप्टाइडं इथे बऱ्यापैकी टिकतात. आतड्याच्या अस्तरावरची पेप्टिडेज एन्झाइमं मात्र या हिशेबात नसतात, हे मर्यादांमध्ये नोंदवा.

५. छाननी

आता यादी शंभराच्या घरात असेल. आधी दुहेरी नोंदी काढा, एकेकटी अमिनो आम्लं काढा. मग 'माहीत असलेली' आणि 'नवी' असे दोन गट करा. माहीत असलेल्यांना गुण देणाऱ्या साधनांची गरजच नाही, त्यांचं मोजलेलं आयसी-५० वापरा. विद्यार्थी अनेकदा मोजलेला आकडा सोडून अंदाजाचा गुण तक्त्यात टाकतात. त्यात तोटाच आहे.

नव्या गटाला पेप्टाइडरँकरमधून काढा. ० ते १ असा गुण येतो, ०.५ च्या वर म्हणजे सक्रिय असण्याची शक्यता. काटेकोर राहायचं तर ०.८ घ्या. हा गुण 'काहीतरी परिणाम असेल' एवढंच सांगतो. तो परिणाम एसीईवरच असेल, असं त्यात कुठेही नाही. म्हणून रचनेचे नियम स्वतः लावा. एसीईसाठी शेपटीकडच्या तीन जागांत प्रोलिन किंवा टायरोसिन, फेनिलॲलानिन, ट्रिप्टोफॅनसारखी मोठ्या कड्यांची आम्लं असणं चांगलं. डीपीपी-४ साठी सुरुवातीकडून दुसऱ्या जागी प्रोलिन किंवा ॲलानिन.

टॉक्सिनप्रेडनं विषारीपणा पाहा. ॲलर्जीच्या साधनांबद्दल माझं मत ठाम आहे: ती प्रामुख्यानं पूर्ण प्रथिनांवर शिकवलेली आहेत, तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याला त्यांनी दिलेलं 'ॲलर्जीजनक' हे प्रमाणपत्र फार मनावर घेऊ नका. त्याऐवजी मूळ प्रथिनाकडे बघा. माशाच्या ॲलर्जीचं मुख्य कारण पार्व्हाल्ब्युमिन, ते उष्णतेनंही सहज मोडत नाही आणि स्नायूतल्या कच्च्या मालात ते असणारच. अहवालात त्याचा उल्लेख हवा.

६. डॉकिंग

सगळ्यांना सगळ्यात आधी करायची असते ती ही पायरी, कारण चित्रं सुंदर येतात. पाच-दहा पेप्टाइडं उरल्याशिवाय इकडे वळू नका.

एसीईची रचना प्रोटीन डेटा बँकेत १ओ८६ या नावानं आहे. मधलं 'ओ' हे अक्षर आहे, शून्य टाकलं तर सापडणार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या रचनेत लिसिनोप्रिल हे औषध बसलेलं आहे. औषध आणि पाणी काढा, पण झिंक काढू नका. हिस्टिडिन ३८३, हिस्टिडिन ३८७ आणि ग्लुटामेट ४११ यांनी धरलेला तो झिंक म्हणजेच एन्झाइमचं काम करणारं केंद्र. 'पाणी आणि इतर सगळं काढा' असं सांगणारे व्हिडिओ बघून बरेच जण तोही पुसून टाकतात. क्लोराइडही राहू द्या, एसीईचं काम त्यावर अवलंबून असतं.

मग सर्वांत आधी काढलेलं लिसिनोप्रिलच परत डॉक करा. ते मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसलं तर तुमची मांडणी ठीक आहे. नाही बसलं तर चौकटीची जागा, आकार, हायड्रोजन, विद्युतभार सगळं परत तपासा. पेप्टाइडाचं सुरुवातीचं टोक धन आणि शेपटीचं ऋण भारित ठेवा.

लांब पेप्टाइडं व्हिनाला झेपत नाहीत, कारण फिरणारे बंध फार होतात. दोन ते पाच अमिनो आम्लांपर्यंत ठीक. त्यापुढे खास पेप्टाइडांसाठीची साधनं बघा, उदाहरणार्थ एचपेपडॉक किंवा हॅडॉक.

निकाल वाचताना: उणे ८.९ आणि उणे ८.६ यांत काही फरक नाही. व्हिनाच्या अंदाजातली चूक काही किलोकॅलरींच्या घरात असते. पेप्टाइड जितकं मोठं तितका गुण आपोआप वाढतो, त्यामुळे द्विपेप्टाइड आणि पंचपेप्टाइड एका क्रमवारीत लावू नका. तुलनेसाठी तिघांना सोबत ठेवा: लिसिनोप्रिल, मोजलेलं आयसी-५० असलेलं एखादं पेप्टाइड (जी-पी-एल चालेल), आणि ज्यात काही जोर नसावा असं एक साधं पेप्टाइड. शेवटचंही तितकेच गुण घेऊन आलं, तर तुमच्या डॉकिंगला निवड करता येत नाही असा त्याचा अर्थ. तेही प्रामाणिकपणे लिहा.

७. प्रयोगशाळेकडे सोपवताना

तीन ते पाच पेप्टाइडं निवडा. त्यात किमान एक 'चालणार नाही' असा अंदाज असलेलं घ्या. सगळे होकार आले आणि नकार एकही तपासला नाही, तर चाळणी चालली की नाही ते कळत नाही. कृत्रिमरीत्या बनवून घेण्याआधी दोन-तीन पुरवठादारांचे दर आणि शुद्धतेची टक्केवारी विचारा.

एसीईची नेहमीची चाचणी १९७१ पासून वापरात आहे: हिप्युरिल-हिस्टिडिल-ल्युसिन द्यायचं आणि सुटणारं हिप्युरिक आम्ल २२८ नॅनोमीटरला मोजायचं. यातून पेप्टाइडाचा जोर कळतो. खवल्यांच्या खऱ्या हायड्रोलायसेटमध्ये (एन्झाइमनं तोडलेल्या मिश्रणात) ते आहे का, हा दुसरा प्रश्न, त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. तिथे ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन सारखंच असतं, त्यामुळे यंत्राला दोघांत फरक करणं जड जातं. तुकडे शोधताना हायड्रॉक्सिप्रोलिनचा बदल हा पर्याय म्हणून द्यायला विसरू नका, नाहीतर कोलॅजेनचे निम्मे तुकडे ओळखूच येणार नाहीत. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत, कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात ओळखीचं कोणी असेल तर खवल्यांच्या प्रक्रियेबद्दल आधीच विचारून घ्या. संगणकावर ठरवलेला क्रम प्रत्यक्षात जमतो का, हे त्यांना लगेच सांगता येतं.

८. लिहिताना

क्रियापदं जपून वापरा. 'रोखतं' नव्हे, 'रोखण्याची शक्यता दिसते'. नव्या पेप्टाइडला शीर्षकात 'रक्तदाबविरोधी' म्हणू नका, 'संभाव्य एसीईरोधक' म्हणा. परीक्षानळीत एसीई थांबलं म्हणजे माणसाचा रक्तदाब उतरला असं होत नाही. मध्ये पचन, शोषण आणि रक्तातलं आयुष्य उभं आहे. पुढेमागे उत्पादन काढायचा विचार असेल तर आरोग्यविषयक दाव्यांना एफएसएसएआयचे नियम लागू होतात, संगणकावरचा अभ्यास त्यासाठी पुरावा म्हणून चालत नाही. घरचं कोणी बीपीच्या गोळ्या घेत असेल आणि तुमचं काम ऐकून 'मग मासेच खाऊ का' असं विचारलं, तर गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत, हे स्पष्ट सांगा.

परिशिष्टात तीन गोष्टी जोडा: साफ केलेला सिक्वेन्स जसा वापरला तसा, प्रत्येक साधनाची सेटिंग आणि तारीख, आणि गाळून टाकलेल्या पेप्टाइडांची यादी कारणासह. पुढच्या वर्षी तुमच्याच विभागात राणी माशाची कातडी घेऊन बसणाऱ्या मुलीला ही तिसरी यादी सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.